खुल्या मैदानातील अनुपस्थित श्रोता : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील संगीतोत्सव आणि दिव्यांगांची सुगमता

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांना स्वतःची अशी संगीतपरंपरा आहे. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ सालची असून या संस्थेचा देवगंधर्व महोत्सव रसिकांना परिचित आहे. ठाण्यात पं. राम मराठे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ महापालिकेतर्फे संगीत समारोह भरविला जातो. ही परंपरा मुख्यतः बंदिस्त सभागृहात वाढली. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र संगीत मोठ्या प्रमाणावर सभागृहाबाहेर आले. दिवाळीच्या पहाटे ठाण्याच्या तलावपाळीवर आणि राम मारुती रस्त्यावर, डोंबिवलीत गणेश मंदिराकडे जाणाऱ्या फडके रस्त्यावर, तसेच ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठी भरलेल्या कलामहोत्सवात गाणे आकाशाखाली ऐकले जाऊ लागले. या स्थित्यंतराचे वर्णन बहुतेक वेळा ‘संगीताचे लोकशाहीकरण’ असे केले जाते. तिकीट नाही, दरवाजा नाही, पोशाखाचे वा प्रतिष्ठेचे बंधन नाही. जो येईल तो श्रोता, अशी यामागची धारणा आहे.

ही धारणा पुष्कळ अंशी खरी असली तरी तिची कसोटी अद्याप एका श्रोत्याच्या बाबतीत घेतली गेलेली नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणारा, पांढरी काठी घेऊन येणारा, श्रवणयंत्र लावून येणारा, किंवा गर्दी व अचानक होणारे आवाज सहन न होणारा श्रोता या खुल्या मैदानात कोठे असतो, हा तो प्रश्न आहे. खुल्या महोत्सवाचे मूल्यमापन गायक, निवेदक, मंचसजावट आणि गर्दी यांच्या आधारे होते. श्रोत्याला मिळालेल्या जागेच्या आधारे ते क्वचितच होते.

‘खुले’ या शब्दाचा अर्थ

सभागृह आणि मैदान यांची तुलना केल्यास एक विपरीत गोष्ट लक्षात येते. सभागृह हे वरवर पाहता अधिक बंदिस्त, अधिक अटींनी बांधलेले स्थळ आहे. पायऱ्या आहेत, अरुंद रांगा आहेत, बाल्कनी आहे. पण सभागृहाला व्यवस्थापक असतो, आसनाला क्रमांक असतो आणि दाराशी बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस असतो. कुबड्या घेऊन येणारा रसिक तिकीट काढतानाच ‘रांगेच्या कडेची खुर्ची द्या’ असे म्हणू शकतो. ती मिळाली नाही तर तक्रार कोणाकडे करावयाची हे त्याला ठाऊक असते. मैदानात वा रस्त्यावर हे सारेच नाहीसे होते. तिकीट नसल्यामुळे आसनाचा हक्क नाही. आसनाचा हक्क नसल्यामुळे तो नाकारला गेल्याचेही कोठे नोंदले जात नाही. जो लवकर आला, ज्याला उभे राहता आले, ज्याला रेटता आले, त्याची जागा. प्रवेश सर्वांना मुक्त असला तरी जागेचे वाटप शरीराच्या बळावर होते.

फडके रस्त्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेकडून हाकेच्या अंतरावर असलेला हा रस्ता दिवाळीच्या सकाळी तरुणाईने फुलून जातो. नवे कपडे घालून एकमेकांना भेटणे हा त्या सकाळचा मुख्य उद्देश असतो आणि मंचावरील गाणे त्या भेटीगाठींना पार्श्वभूमी पुरविते. हा प्रघात कोणा एका संस्थेने आखून दिलेला नसून शहराने तो स्वतःच घडविला आहे, आणि त्याचे सौंदर्यही त्यातच आहे. पण ज्या सकाळचा अर्थच ‘फिरणे आणि भेटणे’ हा आहे, त्या सकाळी जो फिरू शकत नाही त्याचे काय? उभ्या गर्दीत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारणतः सव्वा मीटरवर असते. त्याच्यासमोर असतात त्या पाठी आणि खांद्याला अडकविलेल्या पिशव्या. मंच किती उंच बांधला, पडदा किती मोठा लावला, याने त्याच्या अनुभवात फारसा फरक पडत नाही. त्याला हवा असतो तो पुढच्या बाजूस, कडेला, उतार असलेला एक लहानसा चौथरा. त्यावर त्याची खुर्ची राहील आणि शेजारी त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला बसता येईल, एवढीच त्याची मागणी.

तलावकाठचे महोत्सव वेगळा प्रश्न उभा करतात. उपवन हे स्थळ ठाणे स्थानकापासून काही किलोमीटर दूर, येऊरच्या पायथ्याशी आहे. पाणी, डोंगर आणि स्वर यांचा संयोग तेथे साधतो, यात शंका नाही. मात्र तलावाकाठी बसण्याची नैसर्गिक रचना म्हणजे पायऱ्या. पायरी ही एकाच वेळी आसन असते आणि अडथळाही असते; ज्याला ती उतरता येते त्याला ती आसन वाटते. शिवाय वाहने लांब अडविली जातात आणि शेवटचे अंतर पायी कापावे लागते. सुगमतेचा विचार मंचापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने नेला तर हे अंतर दिसत नाही. तो घरापासून सुरू करून आत आणावा लागतो.

ध्वनी, दृष्टी आणि वाट

संगीत ही कानाची कला असल्याने दृष्टिहीन श्रोत्याला येथे काही अडचण नसावी, असा एक सोपा समज आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. दृष्टिहीन व्यक्ती रस्त्यावर चालताना काठीइतकीच आवाजावर विसंबून असते. वाहनांची दिशा, भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी, पायांचे आवाज, दुकानाच्या दाराशी चाललेले बोलणे यांतून तिच्या मनात रस्त्याचा नकाशा तयार होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबाखांबावर ध्वनिक्षेपक लावले की हा नकाशा पुसला जातो. स्वर सर्व दिशांनी येऊ लागतो आणि म्हणून कोणतीच दिशा सांगत नाही. जे संगीत ऐकण्यासाठी ती व्यक्ती आली, तेच संगीत तिची वाट हिरावून घेते. त्यात रस्त्यावर सोडलेल्या केबली, आडवे बांधलेले बांबू व दोऱ्या आणि कालपर्यंत तेथे नसलेला अडथळा उभा करणारे बॅरिकेड यांची भर पडते. परिचयाचा रस्ता त्या एका सकाळी अपरिचित होतो.

या संदर्भात उपनगरी रेल्वेचा दाखला उद्बोधक ठरेल. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो आणि फलाटावर तो डबा जेथे थांबतो त्या जागी दृष्टिहीन प्रवाशांसाठी बीपर बसविण्यात आले. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. डब्यात इतरांची घुसखोरी होते, हे ठाणे-कल्याण मार्गावरील प्रत्येकाला माहीत आहे. तरीही तो किरकोळ वाटणारा आवाज ‘तुझी जागा येथे आहे’ एवढे निश्चितपणे सांगतो. लाखो रुपयांची ध्वनियंत्रणा उभारणाऱ्या महोत्सवात अशा अर्थाचा एकही ध्वनी नसतो.

श्रवणदोष असलेल्या श्रोत्याचा विचार तर बहुधा मनातही येत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो संगीत महोत्सवाला कशाला येईल, असे गृहीत धरले जाते. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांत वार्धक्यामुळे ऐकण्याची शक्ती कमी झालेले, पण आयुष्यभर गाणे ऐकलेले रसिक बरेच असतात. श्रवणयंत्र गाण्याबरोबर गर्दीचा कोलाहलही मोठा करते, आणि मंचापासूनचे अंतर वाढत जाईल तसा शब्द हरवत जातो. अशा श्रोत्याला आवाज वाढवून मिळण्याची गरज नसते. त्याला मंचाजवळची जागा हवी असते, किंवा मंचावरील ध्वनी थेट श्रवणयंत्रात पोचविणारी इंडक्शन लूपसारखी सोय. दुसरीकडे, पूर्णतः बधिर असलेली व्यक्तीही तबल्याचा वा ढोलाचा कंप शरीराने अनुभवते आणि गाण्याचा शब्द पडद्यावर वाचू शकते किंवा सांकेतिक भाषेतून घेऊ शकते. भावगीत, नाट्यगीत आणि अभंग ही दिवाळी पहाटेची मुख्य सामग्री शब्दप्रधान आहे. ज्या पडद्यावर प्रायोजकांची नावे सतत फिरत असतात, त्याच पडद्यावर गीताचे शब्द दाखविणे हे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

मराठी संगीतसमीक्षेचाही या अभावाशी संबंध आहे. वामनराव देशपांडे यांच्या ‘घराणेदार गायकी’पासून (१९६१) या समीक्षेने स्वर आणि लय यांच्या संबंधाचे अत्यंत सूक्ष्म विश्लेषण केले. गायकाचा गळा, आवाजाचा लगाव, श्वास यांची म्हणजे कलावंताच्या शरीराची चर्चा तीत भरपूर आहे. श्रोता मात्र ‘सहृदय’ आणि ‘रसिक’ या संकल्पनांच्या रूपाने येतो. त्याला संस्कार असतात, अभिरुची असते, पण शरीर नसते. तो तासन् तास भारतीय बैठकीत बसू शकतो, पहाटे उठून येऊ शकतो, त्याला स्वच्छतागृहाची गरज भासत नाही. सभागृहाच्या काळात ही उणीव झाकली गेली, कारण खुर्चीने शरीराची सोय परस्पर केली होती. संगीत रस्त्यावर आल्यावर ती उघडी पडली, आणि समीक्षेकडे तिच्यासाठी परिभाषाच नव्हती.

कायदा आणि मांडव

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. त्यातील कलम ३० सांस्कृतिक जीवन, मनोरंजन आणि क्रीडा यांत समान सहभागाचा हक्क मान्य करते. त्याला अनुसरून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये शासन व स्थानिक प्राधिकरणांवर सांस्कृतिक जीवनातील समान सहभागासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. कला दिव्यांगांना सुगम करणे हा त्यातील एक स्पष्ट उपाय. याच कलमात श्रवणदोष असलेल्यांसाठी सांकेतिक भाषा वा उपशीर्षके यांचा उल्लेख आहे, परंतु तो दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांपुरता. प्रत्यक्ष मैफलीचे नाव तेथे नाही.

अधिक महत्त्वाची अडचण अंमलबजावणीच्या यंत्रणेत आहे. सुगमतेचे निकष न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी देऊ नये, असे कलम ४४ सांगते. त्याचे साधन म्हणजे इमारतीचा आराखडा आणि पूर्णत्वाचा दाखला. मांडवाला यांपैकी काहीच नसते. तो दोन दिवसांसाठी उभा राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचे बांबू दुसऱ्या गावी जातात. आता, अधिनियमातील ‘सार्वजनिक सुविधा व सेवा’ या संज्ञेत सांस्कृतिक व मनोरंजनात्मक सेवांचा समावेश आहे आणि ‘खाजगी आस्थापना’ या संज्ञेत संस्था, संघटना व न्यास येतात. म्हणजेच महोत्सव भरविणारे मंडळ वा प्रतिष्ठान कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. सेवा पुरविणाऱ्यांनी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत त्या सुगम कराव्यात, असे कलम ४६ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले, तेव्हा ही मुदत २०१९ मध्येच संपली आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात सुगमतेविषयीचा नियम १५(१) केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्यामुळे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक निकष तयार करण्यास केंद्र शासनाला तीन महिन्यांची मुदत दिली. शिफारस आणि बंधन यांतील हा भेद महोत्सवांच्या बाबतीत निर्णायक आहे, कारण जे ऐच्छिक असते ते मांडवाच्या खर्चात सर्वांत आधी कापले जाते.

मांडवावर कायद्याचा अंकुश चालतच नाही, असेही नाही. रस्त्यावरील मांडव आणि ध्वनिप्रदूषण यांविषयीचा महत्त्वाचा न्यायनिर्णय ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिला. पदपथ आणि रस्ते अडथळामुक्त असणे हा नागरिकांचा हक्क असल्याची भूमिका त्यात घेतली गेली. ध्वनिक्षेपकाबाबत २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ठरवून देतात आणि पहाटेच्या मैफलीचे वेळापत्रक त्यांभोवतीच बेतले जाते. पोलिसांची परवानगी, महापालिकेची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला ही साखळी आयोजकांच्या अंगवळणी पडली आहे. या साखळीत दिव्यांग श्रोत्याविषयी एक अट घालणे प्रशासकीयदृष्ट्या सहज शक्य आहे. मंचाजवळ चौथरा किती मोठा, उतार एकास बारा या प्रमाणात आहे की नाही, सुगम फिरते स्वच्छतागृह कोठे, संपर्कासाठी नेमलेली व्यक्ती कोण, एवढे चार प्रश्न अर्जात पुरेसे आहेत.

जागेचे महत्त्व या शहरांना कळत नाही, असे म्हणता येत नाही. २०२२ च्या दिवाळीत तलावपाळीवर कार्यक्रम कोणी करावा यावरून शिवसेनेच्या दोन गटांमधील वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मंच कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात नेण्याइतका जिव्हाळ्याचा ठरला. मंचासमोर कोणाला जागा, हा प्रश्न त्या वादात कोणत्याच बाजूने उपस्थित केला नाही.

मंचावर स्वागत, प्रेक्षागारात अभाव

दिव्यांग व्यक्ती उत्सवांत अजिबात दिसत नाहीत, असे विधान अन्यायाचे होईल. दृष्टिहीन कलावंतांचे वाद्यवृंद गणेशोत्सवात आणि वर्धापनदिनी आवर्जून बोलाविले जातात, त्यांना भरभरून टाळ्या मिळतात, आणि निवेदक ‘जिद्द’ या शब्दाचा सढळ वापर करतो. हे स्वागत मनापासूनचे असले तरी त्यातून दिव्यांग व्यक्तीला एकच भूमिका उरते, ती प्रेरणा देण्याची. नुसते ऐकायला येणे, कंटाळा आल्यास मध्येच उठून जाणे, गायकाला नावे ठेवणे या सामान्य श्रोत्याच्या चैनी तिला उपलब्ध नसतात. लोकलच्या डब्यात ढोलकी-हार्मोनियमवर गाणारे दृष्टिहीन गायक या प्रवाशांना रोजचे परिचित आहेत. त्यांच्या गाण्याला श्रोते आहेत आणि मोबदला सुट्या नाण्यांचा आहे. महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत ती नावे शोधूनही सापडणार नाहीत.

इतिहासाचा एक संदर्भ येथे अस्थानी ठरू नये. महाराष्ट्रीय संगीताला दरबारातून काढून सर्वसामान्य श्रोत्यांपुढे आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. पुढे त्यांनी तिकीट लावून सार्वजनिक मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. सार्वजनिक मैफलीच्या प्रवर्तकांमध्ये एक दृष्टिदोष असलेला कलावंत अग्रभागी होता, ही गोष्ट त्या मैफलीच्या आजच्या वारसांना सहसा आठवत नाही. दिवाळीच्या पहाटे मैफलीशेजारीच फुटणारे फटाके पाहता ती आठवणे अधिकच उचित ठरावे.

दिव्यांग प्रेक्षक येतच नाहीत, मग सोयी कोणासाठी, असा आक्षेप आयोजकांकडून घेतला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. ही गणना मोजक्या प्रकारांवर आधारलेली होती, तर २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकार आहेत. वार्धक्याने गुडघे, नजर किंवा कान दुबळे झालेल्यांची गणना यांत बहुतांशी नाहीच. अभंग आणि नाट्यगीते यांचा निष्ठावान श्रोतृवर्ग नेमका याच वयोगटात मोठा आहे. आयोजक ज्याला अनुपस्थिती म्हणतात ती नापसंती नसून आधीच्या अनुभवाचा परिणाम असते. एकदा परत फिरलेला श्रोता दुसऱ्यांदा येत नाही आणि न येण्याचे कारणही कोणाला कळवीत नाही.

ब्रिटनमध्ये ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही दिव्यांग संगीतप्रेमींच्या पुढाकाराने चालणारी संस्था २००० सालापासून या प्रश्नावर काम करते. तिने संगीतस्थळे व महोत्सव यांच्यासाठी सुगमतेची सनद तयार केली. ग्लास्टनबरीसारख्या शेतात भरणाऱ्या, पावसाने चिखल होणाऱ्या महोत्सवातही दिव्यांगांसाठी उंच प्रेक्षण-चौथरे उभारले जातात. तेव्हा ‘मैदान खडबडीत आहे’ ही सबब फार काळ टिकणारी नाही. जवळचे उदाहरण म्हणून जानेवारी २०२३ मध्ये पणजी येथे प्रथम भरलेल्या ‘पर्पल फेस्ट’चा निर्देश करता येईल. तो महोत्सव स्तुत्य आहेच. परंतु तो दिव्यांगांना केंद्रस्थानी ठेवून योजलेला आहे. फडके रस्त्याची अपेक्षा वेगळी आणि एका अर्थाने अधिक अवघड आहे. तेथे दिव्यांग श्रोत्याला केंद्रस्थान नको आहे. इतरांबरोबर, इतरांइतक्याच बेफिकिरीने तेथे असण्याची सोय हवी आहे.

या काळात शब्द मात्र झपाट्याने बदलले. ‘अपंग’ जाऊन शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली. पायऱ्यांची उंची आहे तेवढीच आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा निधी बहुतांशी वैयक्तिक अर्थसाहाय्य व साधने यांकडे वळतो. त्याची निकड कोणी नाकारणार नाही. परंतु सांस्कृतिक सहभाग हा गरजा भागल्यानंतरचा अलंकार मानला जातो, हे त्यातून स्पष्ट होते.

महाविद्यालयांची या बाबतीतील स्थिती तटस्थ निरीक्षकाची नाही. शहरातील मोठ्या उत्सवांना स्वयंसेवक लागतात आणि ते बव्हंशी महाविद्यालयांतूनच जातात. त्यांना गर्दी आवरण्याचे शिक्षण मिळते. दृष्टिहीन व्यक्तीला हात धरून ओढायचे नसते, आपला कोपर पुढे करायचा असतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या अनुषंगाने इमारतीला उतार आणि उद्वाहन बसले आणि मूल्यांकनाच्या अहवालात त्यांची छायाचित्रेही लागली. वार्षिक स्नेहसंमेलनाचा मंच मात्र त्या इमारतीबाहेर, मैदानावर उभा राहतो. त्याला लाकडी पायऱ्या असतात, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या दाटीवाटीने मांडलेल्या असतात, आणि पारितोषिक घेण्यासाठी चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचे नाव पुकारले गेले की प्रमुख पाहुण्यांना खाली उतरावे लागते, किंवा चार मुले खुर्ची उचलून वर नेतात. सभागृह त्या क्षणी टाळ्या वाजविते.